वनभ्रमंती आणि शस्त्र बाळगण्याचे नियम (नांदेड व लातूर)

वनभ्रमंती करताना वन्य प्राण्यांपासून संरक्षणासाठी बंदूक किंवा अन्य शस्त्र जवळ बाळगण्याविषयी भारतात स्वतंत्र कायदा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२, शस्त्र अधिनियम, १९५९ आणि भारतीय वन अधिनियम, १९२७ यांच्या एकत्रित तरतुदींनी हा विषय नियंत्रित होतो. प्राणावर बेतले असता वन्य प्राण्यापासून स्वतःचा बचाव करण्याचा अधिकार कायद्याने मान्य केला आहे. मात्र त्या शक्यतेपोटी शस्त्र घेऊन अभयारण्यात जाण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. या दोन गोष्टींतील भेद हा या नियमांचा गाभा होय.

पार्श्वभूमी

मराठवाड्यात दाट वने अल्प आहेत. नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर हे तालुके त्यास अपवाद आहेत. किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवरील पैनगंगा अभयारण्य याच पट्ट्यात आहे. अस्वल, बिबट्या, रोही व रानडुक्कर हे या वनांतील प्रमुख प्राणी असून यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून बाहेर पडणाऱ्या वाघांचाही या भागात वावर असतो. माहूरगड व सहस्रकुंड धबधबा येथे येणारे पर्यटक, तसेच मोहफुले व तेंदूपत्ता गोळा करणारे ग्रामस्थ यांचा या वनांशी नित्य संबंध येतो.

लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यंत कमी आहे. वडवळ नागनाथ बेट, हत्तीबेट आणि खरोसा लेणी ही तेथील भ्रमंतीची परिचित ठिकाणे आहेत. लगतच्या धाराशिव जिल्ह्यात येडशी रामलिंगघाट अभयारण्य आहे.

शस्त्र परवाना आणि त्याची मर्यादा

शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ नुसार बंदूक बाळगण्यासाठी परवाना आवश्यक असतो. जिल्ह्यात तो जिल्हादंडाधिकारी देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस सर्वसाधारणपणे दोनच बंदुका बाळगता येतात. पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद या अधिनियमात आहे. परंतु तो ज्या प्रयोजनासाठी दिलेला असतो, त्यापुरताच वैध असतो. शेतावरील बंदूक रानवाटेवर सोबत नेणे हा परवान्याच्या अटींचा भंग ठरू शकतो.

याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये सण, यात्रा किंवा आंदोलनांच्या काळात शस्त्रे बाळगण्यास मनाई करणारे आदेश काढले जातात. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्यास सांगितले जाऊ शकते.

अभयारण्यातील प्रवेश

वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी यांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणालाही शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. या कलमात पर्यटक व स्थानिक रहिवासी असा भेद केलेला नाही. शस्त्र अधिनियमाखालील परवाना ही या परवानगीची जागा घेऊ शकत नाही. हीच तरतूद राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे.

अधिनियमातील ‘शस्त्र’ या संज्ञेची व्याप्ती मोठी आहे. बंदूक व दारूगोळा यांबरोबरच धनुष्यबाण, सुरा, जाळे, फासा, विष, स्फोटके आणि प्राण्यास इजा करू शकणारे कोणतेही साधन यांचा तीत समावेश होतो. त्यामुळे परवान्यातून सूट असलेली छऱ्याची बंदूकही या कलमाच्या कक्षेत येते.

अभयारण्याच्या १० किलोमीटर परिसरातील शस्त्र परवानाधारकांना कलम ३४ नुसार आपली नोंदणी करावी लागते. या परिघात नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती आवश्यक असते.

अभयारण्याबाहेरील राखीव वनांत भारतीय वन अधिनियमाचे कलम २६ लागू होते. विनापरवाना प्रवेश आणि नियमबाह्य शिकार हे तेथे गुन्हे आहेत.

स्वसंरक्षणाचा अपवाद

कलम ११(२) नुसार स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणासाठी सद्‌भावनेने वन्य प्राण्यास ठार मारणे वा जखमी करणे हा गुन्हा नाही. तथापि, त्या वेळी संबंधित व्यक्ती याच अधिनियमाचा भंग करणारे कृत्य करीत असल्यास हे संरक्षण मिळत नाही. उदाहरणार्थ, परवानगीविना बंदूक घेऊन अभयारण्यात शिरलेल्या व्यक्तीने हल्ला करणाऱ्या अस्वलावर गोळी झाडली, तर तिला या अपवादाचा आधार घेता येत नाही. याउलट, कायदेशीरपणे वनात गेलेल्या मजुराने हाती लागलेल्या लाकडाने प्रतिकार केला व त्यात प्राणी दगावला, तर तो या अपवादाखाली येऊ शकतो. अशा रीतीने मारला गेलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. सरकारी मालमत्ता ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे माहिती देणे बंधनकारक आहे.

प्राणी मारण्याची परवानगी

वाघ, बिबट्या, अस्वल यांसारखे अनुसूची १ मधील प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाल्यास त्यांच्या शिकारीची परवानगी केवळ मुख्य वन्यजीव रक्षक, लेखी कारणे नमूद करून, देऊ शकतात. प्राण्यास पकडणे, बेशुद्ध करणे किंवा स्थलांतरित करणे शक्य नाही, याची खात्री त्यापूर्वी करावी लागते. रोही व रानडुक्कर हे अनुसूची २ मध्ये असल्याने, पिकांच्या नुकसानीच्या कारणावरूनही प्राधिकृत अधिकारी परवानगी देऊ शकतात.

यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ रोजी टी-१ अथवा ‘अवनी’ या वाघिणीस गोळी घालण्यात आली. अनेक ग्रामस्थांच्या मृत्यूंनंतर रीतसर आदेशान्वये ही मोहीम हाती घेण्यात आली होती. तरीही राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने नेमलेल्या समितीने प्रत्यक्ष कार्यपद्धतीतील उल्लंघनांवर बोट ठेवले.

शिक्षा

अनुसूची १ मधील प्राण्याच्या किंवा अभयारण्यातील शिकारीस ३ ते ७ वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. दोषी व्यक्तीचा शस्त्र परवाना रद्द करण्याचा आणि तिला पुढील ५ वर्षे परवान्यासाठी अपात्र ठरविण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

अन्य देशांतील नियम

नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहात वस्तीबाहेर जाणाऱ्यांनी ध्रुवीय अस्वलांना पळवून लावण्याची साधने जवळ ठेवणे आवश्यक असते व बंदूक नेण्याचीही शिफारस केली जाते. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत फेब्रुवारी २०१० पासून संबंधित राज्याच्या कायद्यानुसार बंदूक बाळगता येते.

शस्त्राविना संरक्षण

अस्वलाची दृष्टी अधू असते. अगदी जवळ अचानक माणूस आल्यास ते बिथरून हल्ला करते. म्हणून गटाने व बोलत चालणे, पहाट आणि तिन्हीसांजेचा वेळ टाळणे, तसेच मोहाच्या हंगामात झाडांखाली सावधपणे जाणे हितावह ठरते. बिबट्या दिसल्यास पळू नये, वाकू नये आणि मुलांना जवळ घ्यावे. महाराष्ट्र वन विभागाची मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.