फायलीच्या माथ्यावरच्या दोन ओळी

प्रोग्रामची फाइल क्वचितच एका जागी राहते. कुणीतरी ती उचलून आपल्या प्रकल्पात ठेवतो, आणि परवाना मूळ फोल्डरातच राहून जातो. म्हणून प्रत्येक फायलीच्या माथ्यावर हक्कदाराचे नाव आणि परवाना लिहायची रीत पडली. १९९१च्या जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत तर त्याचा नमुनाच दिला होता, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या केंब्रिजमधल्या पत्त्यासह. संस्था पुढे बॉस्टनला गेली, तिथले फ्रँकलिन स्ट्रीटवरचे ऑफिसही २०२४मध्ये बंद झाले. जुन्या फायलींत मात्र जुने पत्ते अजून सापडतात. तेच पाहून मी 'रीयूज'कडे वळले.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपने २०१७मध्ये सुरू केलेल्या उपक्रमाचे हे पायथनमधले अवजार. टर्मिनलमध्ये 'रीयूज ॲनोटेट' लिहून नाव, परवाना आणि फायली सांगायच्या. लांबलचक परिच्छेदाऐवजी एसपीडीएक्स या परवाने नोंदवण्याच्या मानकाच्या ठरावीक साच्यातल्या दोन ओळी माथ्यावर येतात. परवान्यासाठी हाच साचा लिनक्स कर्नलनेही त्याच वर्षी मोठ्या प्रमाणावर स्वीकारला.

दोन ओळी चिकटवायला अवजार कशाला, असे वाटेल. पण माथा ही फार नाजूक जागा आहे. पायथनची कॉमेंट '#'ने सुरू होते, सीची '/*'ने, एचटीएमएलची आणखी निराळी. शेल स्क्रिप्टची पहिली दोन अक्षरे '#!' असतील, तरच ती कोणत्या प्रोग्रामने चालवायची हे लिनक्सला कळते. त्यांच्यावर कॉमेंट बसली, की ती खूण गेलीच. रीयूज ती ओळ ओळखते आणि तिच्या खाली उतरते. एक्सएमएलच्या पहिल्या घोषणेलाही तोच मान. जेसनमध्ये कॉमेंटला जागाच नाही, चित्राच्या फायलीत तर प्रश्नच येत नाही. तिथे शेजारी त्याच नावाची '.लायसन्स' फाइल तयार होते. आधी कुणाचे नाव असेल तर ते न पुसता नवे त्यात मिळवले जाते. ही अदब मला फार मोलाची वाटते.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. वर्ष सांगितले नाही, तर हे अवजार चालू वर्ष घालते. पंधरा वर्षांपूर्वीची फाइलही मग यंदाची दिसते. नाव तर आपण देऊ तेच. एका आज्ञेत हजार फायलींवर कंपनीचे नाव चढवता येते. त्यातल्या चाळीस बाहेरच्या स्वयंसेवकाने लिहिल्या असतील, तरी अवजार अडवणार नाही. 'रीयूज लिंट' प्रत्येक फायलीची माहिती जागेवर आहे का ते तपासते. ती खरी आहे का, हे तपासणे त्याच्या आवाक्यात नाही. आणि एकदा सगळीकडे नीटनेटक्या ओळी दिसल्या, की शंका घ्यायचे कुणाच्या मनातही येत नाही. रिकामा माथा निदान प्रश्न तरी विचारायला लावतो.

म्हणून आज्ञा देण्याआधी गिटचा इतिहास उघडा. फाइल कुणी लिहिली, केव्हा लिहिली ते बघा, ठाऊक नसेल तर जुन्या सहकाऱ्यांना विचारा. सगळ्या फोल्डरवर एकदम अवजार फिरवू नका.