ठासणीच्या पेचदार बंदुकीची अचूकता : एन्फील्डचे उदाहरण

१८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड ही ठासणीची बंदूक होती. तिच्या ०.५७७ इंच व्यासाच्या नळीत तीन पेच असून ते ७८ इंचांत एक फेरा पूर्ण करीत. ठासता यावी म्हणून गोळी नळीपेक्षा बारीक ठेवावी लागे. तथापि पेचांची पकड बसून गोळीस फिरकी मिळाल्याखेरीज नेम साधत नाही. हा विरोध गोळीच्या पोकळ बुडाने सोडविला. दारू पेटताच शिसे फुगून पेचांत बसे. म्हणूनच मऊ शिसे, दारूचे ठराविक माप व गोळीचा काटेकोर व्यास यांना महत्त्व होते.

खरी अडचण जळक्या दारूच्या थराची. काही बारांनंतर नळी अरुंद होऊन गोळी अडते. काडतुसाला वंगण लागे ते हा थर मऊ राखण्यासाठी; १८५७ च्या असंतोषाच्या चर्चेत वंगणाचे हे तांत्रिक प्रयोजन बहुधा दुर्लक्षितच राहते. २२ मे १८५८ रोजी काल्पीजवळ गोलौली येथे रावसाहेब पेशवे व राणी लक्ष्मीबाई यांच्या सैन्याने चढाई केली, तेव्हा ह्यू रोजच्या तुकड्यांच्या एन्फील्ड अशाच तुंबल्या व त्यांचा मारा मंदावला. नळी तुंबण्याच्या या दोषावर उपाय म्हणून ०.५६८ इंचांची गोळी ०.५५ इंचांवर आणण्यात आली. वाढलेली फट भरून काढण्याचे काम तिच्या बुडातील लाकडी बुचाकडे आले.