आत्याबाईंचं रिव्हॉल्व्हर

बायकांनी विकलेल्या वस्तूंची हळहळ आपल्या ओळखीची असते. मुलाच्या फीसाठी मोडलेल्या पाटल्या, जागा नाही म्हणून भंगारात दिलेलं शिवणयंत्र, सासूबाईंचा तांब्याचा बंब. कुणी असं सांगू लागलं की आपण लगेच म्हणतो, 'हो गं, माझंही तसंच झालं!' पण परवा आमच्या आत्याबाई (म्हणजे यजमानांच्या आत्या) म्हणाल्या, "रिव्हॉल्व्हर विकलं आणि घर मोकळं मोकळं झालं बघ." तेव्हा काय बोलावं ते मला सुचेना.

वाळवा तालुक्यात गावापासून दीड-दोन किलोमीटरवर, उसात त्यांची वस्ती आहे. १९९१ मध्ये आत्याबाईंचे यजमान अचानक गेले, तेव्हा दोन मुलगे आणि एक मुलगी, तिघंही शाळेत होती. मागे राहिली जमीन, भाऊबंदकीतला बांधाचा वाद आणि लोखंडी ट्रंकेतलं पॉइंट ३२ चं वेबली स्कॉट रिव्हॉल्व्हर. इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला बनलेलं. यजमानांनी ते एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून रीतसर घेतलेलं होतं.

परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. आत्याबाईंनी ते जमा केलं, पावती घेतली आणि परवाना स्वतःच्या नावावर मिळावा म्हणून अर्ज केला. "बाई माणसाला कशाला हवं?" हे वाक्य त्यांनी त्या वर्षभरात किती टेबलांवर ऐकलं असेल! त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "बाई माणूस आहे म्हणूनच हवंय." शेवटी परवाना मिळाला.

त्यांनी ते कुणावर कधी चालवलं नाही. नेम धरायला शिकल्या, तेवढंच. पण एकदा रात्री विहिरीवरच्या मोटारीची केबल तोडायला माणसं आली, तेव्हा त्या सोप्यात दिव्याखाली येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. उजवा हात पदराबाहेर. माणसं पळाली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळलं. त्यानंतर, त्या सांगतात, दारू पिऊन दारात येणारे दीर यायचे बंद झाले. बांध मात्र कोर्टातूनच जागेवर आला, तेही बऱ्याच वर्षांनी. हेही त्याच सांगतात, हं. बंदुकीनं जमीन मिळत नाही, पण झोप मिळते, असं त्यांचं म्हणणं.

मला हे पटत नाही, आणि मी तसं त्यांना सांगतेही. आमच्या समुपदेशन केंद्रात मी उलट बाजू ऐकली आहे. नवरा बोलायला बसण्याआधी पिस्तूल काढून टेबलावर ठेवतो, एवढं सांगतानाच एकीचा आवाज बसला होता. त्यानं कधी ते उचललंसुद्धा नव्हतं. आत्याबाईंना ज्या धाकानं झोप लागायची, त्याच धाकानं हिची उडाली होती. त्यामुळे घरातून हत्यार गेलं की मला बरंच वाटतं.

तरीही आत्याबाईंच्या घरी त्या रिव्हॉल्व्हरभोवती किती काय गुंफलेलं होतं! खंडेनवमीला विळा, कोयता, नांगराचा फाळ यांच्या ओळीत ते पाटावर असायचं, हळदकुंकू लावलेलं. दर मंगळवारी सकाळी नळी खाली मोडून, सहाही घरं बघून, मलमलच्या चिंधीनं पुसून त्याला तेल लागायचं. त्या वेळी पोरांनी खोलीत यायचं नाही. कुठलीही निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची नोटीस यायची. मग आत्याबाई ते पिशवीत घालून, शेजारी भाकरीचा डबा ठेवून एसटीनं तालुक्याला! निकाल लागला की पावती दाखवून परत आणायचं. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्यानं खास बायकांसाठी 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि वर दागिन्यांसारखी मखमली पेटी. वर्तमानपत्रातला तो फोटो बघून आत्याबाई खूप हसल्या होत्या. "पेटीत ठेवायचं का गळ्यात घालायचं?"

विकायचा विषय निघाला २०२२ मध्ये. सुट्टीत आलेला आठ वर्षांचा नातू ट्रंकेच्या किल्लीशी खेळताना सापडला. सूनबाई घाबरली, आणि तिचं घाबरणं मला तरी शंभर टक्के योग्य वाटतं. मुलांनी लकडा लावला. एक पुण्यात, एक परदेशात, परवाना दोघांनाही नको होता. परवान्याची मुदत पूर्वी तीन वर्षांची असे, डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनं ती पाच झाली. पण सत्तरी ओलांडल्यावर तेही हेलपाटे नकोसे होतात. आत्याबाई "बरं" म्हणाल्या.

कायद्याप्रमाणे जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाणे यांना आधी लेखी कळवावं लागतं, आणि मग ४५ दिवस थांबावं लागतं. ते दिवस फार वाईट गेले, म्हणाल्या. घेणारा तरुण ठेकेदार. परदेशी रिव्हॉल्व्हरची आयात सामान्य माणसासाठी १९८० च्या दशकातच बंद झाल्यामुळे जुन्या वेबलीला मोठा भाव येतो, तसा आला. पैसे बँकेत आहेत. त्यानं हातात घेतल्या घेतल्या सिनेमातल्यासारखं चक्र गरगरा फिरवलं. आत्याबाई ओरडल्याच, "अरे, झिजतं त्यानं!"

पुढचे काही महिने त्या मंगळवारी त्याला फोन करायच्या. "तेल घातलंस का?" आधी तो "हो काकी" म्हणायचा. मग फोन उचलेनासा झाला.

मुलानं वस्तीवर चार कॅमेरे लावून दिलेत, पुण्यातून मोबाईलवर बघतो. बिचारा काळजीनं करतो. "चोर आला तर हा तिथनं हाक मारणार होय?" असं आत्याबाई विचारतात.

पण हळहळीचं खरं कारण मला दिवाळीत कळलं. लेक माहेरी आली होती. फराळ करता करता सहज म्हणाली, "आई, मला का नाही विचारलंस?" खोलीत एकदम शांतता. २०१६ च्या शस्त्र नियमांत ही सोय आहे. परवानाधारकानं सत्तरी गाठली, किंवा हत्यार २५ वर्षं बाळगलं, तर ते हयातीतच वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज देता येतो. वारसाचा परवाना होईलच असं नाही, पण अर्ज तर देता येतो! आणि वारसांत मुलगी येते. एवढी सगळी चर्चा झाली, दोन मुलगे, सुना, विक्रेता, ओळखीचे वकील. लेकीचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. स्वतः आत्याबाईंच्याही नाही, आणि तेच त्यांना डाचतंय. "माझ्या नावावर करून घ्यायला मी वर्षभर भांडले. 'बाईला कशाला' म्हणणाऱ्यांना पुरून उरले. आणि माझ्याच लेकीच्या वेळेला मी तेच केलं की गं."

यावर मी काय बोलणार? मी लेकीलाच विचारलं, "तुझ्या घरी दोन वयात आलेली मुलं आहेत, कुठं ठेवलं असतंस?" ती म्हणाली, "लोखंडी कपाटात. तशी लेखी हमी द्यावीच लागते ना, प्रशिक्षणही घ्यावं लागतं. आणि नेम शिकवायला आई होतीच." मला उत्तर पूर्ण पटलं नाही. पण प्रश्न तिला आधी विचारायला हवा होता, एवढं नक्की पटलं.

आत्याबाईंनी त्या ठेकेदाराला निरोप धाडलाय, परत देशील का म्हणून. तो नाही म्हणाला नाही, पण जो आकडा सांगितला तो ऐकून मुलगा हसला. आत्याबाई हसल्या नाहीत. बँकेतली ठेव कधी पुरी होते ते बघायला त्यांनी पासबुक माझ्याकडे दिलं, आणि लेकीला सांगितलं, "तू परवान्याचा अर्ज तर आण. मिळायचा तेव्हा मिळेल."