'कोठूनहि नाहीं' मंडळ

अमेरिकेंतील माँटगोमेरी शहरांत १९५५ सालीं असा दंडक होता कीं, बसगाडींत पुढच्या जागा गोऱ्यांच्या. कृष्णवर्णीयांनीं मागें बसावें व गोऱ्यांस जागा न उरल्यास आपली सोडून उभें राहावें. १ डिसेंबर रोजीं शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स यांनीं उठण्याचें नाकारलें; त्यांस अटक झाली. ५ डिसेंबरपासून कृष्णवर्णीय समाजानें बसवर बहिष्कार घातला.

बहिष्कार पुकारणें सोपें, तो चालविणें कठीण. कामावर तर रोज जावयाचेंच. मजुरी बुडाल्यास चूल कशी पेटणार? तेव्हां ज्यांच्यापाशीं मोटारी होत्या त्यांनीं त्या दिल्या, चर्चांनीं गाड्या विकत घेतल्या, चढण्याउतरण्याचीं ठिकाणें ठरलीं. बाकीचे पायीं चालले. परंतु पेट्रोलास पैसा हवा. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीणबाईंनीं मैत्रिणी जमवून खाद्यपदार्थ व केक विकण्यास आरंभ केला. नांव फुटल्यास नोकरी जाण्याची भीति. म्हणून पैसा कोठून आला असें विचारल्यास 'कोठूनहि नाहीं' हेंच उत्तर. मंडळाचें नांवहि तेंच पडलें. न्यायालयांत साक्ष दिल्यावर गिलमोरबाईंची नोकरी गेलीच. पुढें त्यांनीं घरींच जेवण करून विकण्याचा धंदा मांडला.

३८१ दिवसांनीं, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें, डिसेंबर १९५६ मध्यें बसमधील भेद उठला. या चळवळीनें मार्टिन ल्यूथर किंग यांचें नांव जगास ठाऊक झालें, तें योग्यच. परंतु गाड्यांच्या पेट्रोलाचा पैसा स्वयंपाकघरांतूनहि आला, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये, एवढीच आमची विनंति.