विश्लेषण : सरकारी कार्यालयात रॅम्प ऐच्छिक की सक्तीचा? रायगडच्या किनाऱ्यावर दिव्यांगांना कायदा नेमके काय देतो?

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड किंवा उरणमधल्या माणसाचे जिल्हा पातळीवरचे काम निघाले की अलिबाग गाठावे लागते. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा न्यायालय, जिल्हा रुग्णालय सगळे तिथेच. एवढा प्रवास करून आलेल्या व्हीलचेअरवरच्या माणसाला दारातल्या तीन पायऱ्याही अडवू शकतात. मग कुणीतरी त्याला उचलून आत नेते, नाहीतर कर्मचारीच कागद घेऊन खाली येतो. ही मदत कुणाच्या तरी चांगुलपणावर अवलंबून असते. पण आत जाता येणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आणखी स्पष्ट शिक्का मारला.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत. कलम ४० नुसार इमारती, वाहतूक आणि माहिती-तंत्रज्ञान यांच्या सुगम्यतेचे नियम केंद्र सरकारने करायचे आहेत. कलम ४४ म्हणते, या नियमांत न बसणाऱ्या नव्या इमारतीच्या आराखड्याला मंजुरी देऊ नये आणि नियम पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी कलम ४५ मध्ये नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. पहिले नियम १५ जून २०१७ रोजी आले. तिथून मोजले तर ही मुदत जून २०२२ मध्येच संपली.

कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनासाठी तो ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत जातो.

मग सर्वोच्च न्यायालयाला मध्ये का पडावे लागले?

राजीव रतुरी यांनी सुगम्यतेसाठी २००५ मध्ये जनहित याचिका दाखल केली होती. २०१७ मध्ये न्यायालयाने त्यावर सविस्तर निर्देश दिले, तरी अंमलबजावणी रखडली. पुढच्या सुनावणीत मूळ अडचण समोर आली. कायदा सक्तीची भाषा बोलत होता, पण त्याखालच्या नियम १५(१) मध्ये निरनिराळ्या खात्यांच्या मार्गदर्शक सूचनांची यादी होती आणि त्या सूचना शिफारशीच्या स्वरूपाच्या होत्या. न पाळल्यास दंड करायचा तर नेमके काय मोडले, हेच ठरत नव्हते.

न्यायालयाने हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. किमान, तडजोड न करता पाळायचे निकष वेगळे काढून तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असे केंद्राला सांगितले. असे नियम झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला रोखणे आणि दंड करणे या तरतुदी प्रत्यक्षात वापरा, असेही बजावले.

रॅम्प बांधला की काम झाले?

नाही. रॅम्पचा उतार महत्त्वाचा. सर्वमान्य निकष १:१२ आहे, म्हणजे १ फूट चढण्यासाठी १२ फूट लांबी. प्रत्येकी १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटीमीटर उंची. तिच्यासाठी रॅम्प किमान ५.४ मीटर लांब हवा. जागा नाही म्हणून दोन मीटरचा उतार केला, तर तो जवळपास तिप्पट तीव्र होतो. त्यावरून स्वतः चाके ढकलत वर जाता येत नाही आणि उतरताना खुर्ची पुढे कलंडण्याचा धोका असतो. असा रॅम्प फोटोपुरताच उरतो.

पुढचा हिशेब साखळीचा आहे. रॅम्प चढल्यावर दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर हवी, खिडकीचा काउंटर बसलेल्या माणसाच्या हाताला येईल इतका खाली हवा आणि स्वच्छतागृहात व्हीलचेअर वळायला जागा हवी. दृष्टिहीनांसाठी स्पर्शाने कळणाऱ्या फरशा आणि ब्रेल पाट्या हव्यात. ऐकू न येणाऱ्यांसाठी टोकन नंबर नुसता पुकारून चालत नाही, तो पडद्यावर दिसायला हवा. साखळीतली एक कडी तुटली की बाकीचा खर्च वाया जातो.

किनाऱ्यावरची वेगळी अडचण कोणती?

इथे लाँच आणि जेट्टी हीसुद्धा सार्वजनिक वाहतूक आहे. मुंबईलगतच्या या समुद्रात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत साधारण ४ ते ५ मीटरचा फरक पडतो. त्यामुळे पायऱ्यांच्या जेट्टीवर बोट सकाळी वरच्या पायरीला लागते, तर दुपारी अगदी खालच्या शेवाळलेल्या पायरीला. ५ मीटर उंची १:१२ च्या उताराने गाठायची तर ६० मीटर लांबीचा रॅम्प लागेल. म्हणूनच पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का आणि त्याला जोडलेला लांब पूल हा अशा ठिकाणचा जास्त व्यवहार्य मार्ग आहे.

भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हा आणखी एक वाट मोकळी झाली. गाडी थेट बोटीत चढत असल्याने डुलत्या लाँचमध्ये पाय टाकण्याची वेळ येत नाही. मात्र ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

किल्ले आणि लेण्यांचे काय?

उरण तालुक्यातली घारापुरी लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, तर थळसमोरचा खांदेरी किल्ला जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांसोबत त्या यादीत गेला. घारापुरीला शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात आणि ज्यांना ते जमत नाही, ते डोलीचा आधार घेतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला समुद्राच्या तळावरून चालत जावे लागते. ऐतिहासिक बांधकाम फोडून रॅम्प करणे योग्य नाही, हे खरे. तरीही तिकीट खिडकी, स्वच्छतागृह, पायथ्यापर्यंतची वाट, हाताने चाचपता येणारी प्रतिकृती आणि सांकेतिक भाषेतला माहितीपट यांसाठी एकही जुना दगड हलवावा लागत नाही.

संकेतस्थळालाही हा कायदा लागतो का?

लागतो. माहिती-तंत्रज्ञान सेवांसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक २०२३ मध्ये नियमांत आले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. व्यवहारातली अडचण साधी आहे. शिक्का मारलेला कागद स्कॅन करून पीडीएफ म्हणून टाकला, की दृष्टिहीन व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला ते फक्त एक चित्र असते. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमधला मजकूर तो निरर्थक अक्षरांसारखा वाचतो. मूळ फाइल युनिकोडमध्ये टाइप करून तीच अपलोड करणे, हा जवळपास बिनखर्चाचा उपाय आहे.

पैसे कुठून येणार?

राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. वैयक्तिक लाभाच्या जोडीला सार्वजनिक इमारती अडथळामुक्त करण्याची कामेही त्यातून होऊ शकतात. ग्रामसभेत या निधीचा हिशेब विचारता येतो.

तक्रार कुठे करायची?

- प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणे कलम २३ नुसार बंधनकारक आहे. त्याने नोंदवलेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत करायची असते.
- समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय दिव्यांग समितीकडे जाता येते.
- त्यापुढे पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो. आयुक्तांची शिफारस मान्य नसेल, तर संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत कारण कळवावे लागते.
- इमारतीची सुगम्यता तपासणी झाली का, तिचा अहवाल काय आणि दुरुस्तीवर किती खर्च झाला, हे माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून विचारता येते.

अर्ज करताना ‘सोय नाही’ एवढेच लिहू नये. पायऱ्या किती, त्यांची उंची किती, रॅम्प असल्यास त्याची लांबी किती, दार किती रुंद, हे मोजपट्टीने मोजून आकड्यांत लिहावे आणि फोटो जोडावा. तीव्र उताराचा रॅम्प बांधून ‘सोय केली आहे’ असे उत्तर आले, तर ते खोडून काढायला हेच आकडे लागतात.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. गुडघे दुखणारे ज्येष्ठ, गरोदर महिला आणि पाय प्लास्टरमध्ये असलेले रुग्ण या आकड्यात नाहीत. दारातल्या त्या तीन पायऱ्या त्यांनाही चढाव्या लागतात.