संगणकावरील खेळ आणि दुभाष्याची परीक्षा

दुभाषी मध्ये आला म्हणजे संभाषणास वेळ अधिक लागतो, हा आपल्या नित्याच्या अनुभवातील व्यवहार आहे. आपला यवतमाळ जिल्हा तर बहुभाषी. कोलामी बोलणाऱ्या शेतकऱ्याचे म्हणणे कचेरीत कोणी मराठीत सांगू लागला, तर एका वाक्याची दोन वाक्ये होतात. असे असता, संगणकावरील खेळात चित्रविषयक आज्ञांचा अनुवाद करणारी एक आज्ञावली मध्ये बसविली की खेळ उलट अधिक वेगाने चालतो, असे पुष्कळ तरुण आज सांगतात. हे म्हणणे सकृद्दर्शनी उफराटे वाटते. ते कितपत खरे आहे, आणि घरच्या घरी त्याची पारख कशी करावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विषय खेळाचा असला तरी प्रश्न पोरखेळ नाही. राळेगावसारख्या गावी पुष्कळ घरांत संगणक येतो तो मुलांच्या शिक्षणासाठी, आणि कित्येकदा तोही दुसऱ्याने वापरलेला. त्यावर खेळ अडखळू लागला की नव्या ग्राफिक्स कार्डाचा हट्ट सुरू होतो, आणि ते कार्ड म्हणजे हजारो रुपयांचा खर्च. फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीने काम भागत असेल तर ते बापाला कळले पाहिजे. भागत नसेल तर मुलालाही कळले पाहिजे.

प्रथम हा अनुवाद कशाचा ते पाहू. विंडोजवरील बहुतेक खेळ डायरेक्टथ्रीडी या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत चित्रांची मागणी करतात. तिची नववी आवृत्ती २००२ साली आणि अकरावी २००९ साली आली. चित्रे प्रत्यक्ष काढते ते ग्राफिक्स कार्ड; आणि खेळाची मागणी कार्डाला उमजेल अशा रूपात नेऊन देणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. फेब्रुवारी २०१६ मध्ये ख्रोनोस या संस्थेने व्हल्कन नावाची नवी भाषा प्रसिद्ध केली. पूर्वी ड्रायव्हर तर्काने करीत असे ती पुष्कळशी व्यवस्था या भाषेत आज्ञा देणाऱ्यानेच स्पष्ट सांगावयाची असते. त्यामुळे ड्रायव्हरचे ओझे हलके होते.

डायरेक्टथ्रीडीच्या आज्ञा व्हल्कनमध्ये उतरविणारी आज्ञावली म्हणजे डीएक्सव्हीके. ती फिलिप रेबोले या जर्मन तरुणाने लिहावयास घेतली, ती विंडोजचे खेळ लिनक्सवर चालावेत म्हणून. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या प्रोटॉन या साधनात तिचा समावेश केला. तात्पर्य, या अनुवादाचा मूळ हेतू वेग वाढविणे हा नव्हताच. जो खेळ चालतच नव्हता तो चालावा, एवढाच होता. पुढे काही हौशी लोकांनी तिच्या फायली विंडोजवरील खेळाच्या फोल्डरमध्येच ठेवून पाहिल्या. या फायलींची नावे मूळ फायलींसारखीच असल्यामुळे खेळाला दुभाषी बदलल्याचा पत्ताही लागत नाही.

आता वेग वाढण्याची शक्यता कोठून येते? उत्तर सोपे आहे. जुन्या मार्गावरही दुभाषी होताच. तो म्हणजे जुना ड्रायव्हर. हा जुना दुभाषी मंद असेल आणि नवा चपळ असेल, तर खेळाची गती वाढू शकते. परंतु यास एक अट आहे, आणि ती आपल्या कापसाच्या मुलखात चटकन समजेल. जिनिंगमध्ये यंत्रच हळू चालत असेल, तर कापसाच्या गाड्या लवकर आणून काय उपयोग? त्या फाटकाशी उभ्या राहतील. मात्र यंत्र रिकामे आणि गाड्याच उशिरा येत असतील, तर रस्ता सुधारल्याने लाभ होईल. ग्राफिक्स कार्ड हे येथील यंत्र, आणि प्रोसेसर व ड्रायव्हर हा रस्ता. अडचण कोठे आहे हे ओळखण्याची एक युक्ती आहे. पडद्याची सूक्ष्मता १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणावी. वेग लक्षणीय वाढला, तर कार्डच थकले होते. तेथे अनुवादक बहुधा काही करू शकणार नाही. वेग होता तसाच राहिला, तर अडचण बहुधा रस्त्यात आहे, आणि दुभाषी बदलून पाहण्यात अर्थ आहे.

यास एक मोठे उदाहरण आहे. इंटेलने २०२२ साली आर्क नावाची कार्डे काढली. त्यांत डायरेक्टथ्रीडीच्या नवव्या आवृत्तीला प्रत्यक्ष आधार नव्हता. ते काम मायक्रोसॉफ्टच्या एका अनुवादकावर सोपविले होते, आणि कित्येक जुने खेळ त्यांवर मंद चालत. त्या वर्षाच्या डिसेंबरात नवा ड्रायव्हर आला आणि त्यांतील अनेक खेळांची गती पुष्कळ वाढली. कार्ड तेच, खेळ तेच. बदलली ती मधली वाट. अनुवादाने तोटाही होतो आणि अनुवाद सुधारल्याने लाभही होतो, हे दोन्ही यात दिसून येते.

आता परीक्षेकडे वळू. नवे बियाणे काळ्या कसदार रानात आणि जुने बरड रानात पेरून कोणी तुलना केली, तर आपण त्याला हसू. संगणकावर मात्र हीच चूक सर्रास घडते. म्हणून खेळातील एकच ठरावीक प्रसंग घ्यावा, चित्रांची मांडणी तीच ठेवावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. साठ चित्रांची मर्यादा लावलेली असेल तर ती आधी काढावी, नाहीतर दोन्ही मार्गांचा आकडा साठच येईल. आपल्याकडील वैशाखात दुपारी खोली तापते, संगणकही तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो. सकाळची फेरी एका मार्गाची आणि दुपारची दुसऱ्याची, असे केल्यास परीक्षा उन्हाची होईल. तेव्हा फेऱ्या आलटून पालटून घ्याव्या. जुना, नवा, नवा, जुना असा क्रम बरा. आणि अनुवादक खरोखर कामावर आहे ना, हेही पाहावे. डीएक्सव्हीकेमध्ये आपली खूण व आकडे पडद्याच्या कोपऱ्यात दाखविण्याची सोय आहे.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे सरासरी. समजा, एका सेकंदात साठ चित्रे आली. त्यांपैकी एकोणसाठ प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत तयार झाली आणि एकाला ११५ मिलिसेकंद लागले. बेरीज बरोबर १००० होते आणि सरासरी ‘सेकंदाला साठ’ अशी झकास दिसते; पण खेळणाऱ्याला तो एक धक्का जाणवल्यावाचून राहत नाही. म्हणून प्रत्येक चित्रास लागलेला वेळ नोंदणारे साधन वापरावे आणि सर्वांत मंद चित्रांकडे आवर्जून पाहावे. आणखी असे की, नवे दृश्य प्रथमच येते तेव्हा त्याच्या छायाप्रकाशाच्या आज्ञा कार्डासाठी नव्याने तयार कराव्या लागतात, आणि तेव्हा खेळ अडखळू शकतो. त्या साठवून ठेवल्या जात असल्यामुळे पुढची फेरी सुरळीत होते. यास्तव पहिली फेरी वेगळी मोजावी आणि नंतरच्या वेगळ्या. कोणी केवळ दुसऱ्या फेरीचे आकडे दाखवील तर त्याने अर्धेच सत्य सांगितले.

वेग वाढला तरी चित्र तेच आहे काय, हेही पाहिले पाहिजे. सावल्या गळाल्या आणि खेळ धावू लागला, तर ती अनुवादाची चपळाई नव्हे, कामचुकारपणा आहे. इंटरनेटवर इतरांशी खेळावयाच्या खेळांत तर अशा फायली घालूच नयेत. लबाडी पकडणारी यंत्रणा त्यांना फसवणूक समजू शकते आणि मुलाचे खाते कायमचे बंद होऊ शकते. ही सूचना डीएक्सव्हीकेच्या कर्त्यांनीच दिली आहे.

एवढे केल्यावर जे हाती येईल ते मानावे. काही जुन्या खेळांत लाभ दिसेल, कित्येकांत फरक दिसणार नाही, आणि काहींत वेग घटेलही. म्हणून “अनुवादकाने वेग वाढतो” असे सरसकट विधान करता येत नाही. “या संगणकावर, या खेळात, इतक्या फेऱ्यांत इतका फरक पडला” एवढेच म्हणता येते. ते वाक्य लहान आहे, पण कार्ड घ्यावे की न घ्यावे याचा निर्णय त्यावर विसंबून करता येतो. चार फेऱ्या आणि एक वही एवढ्या भांडवलावर मुलगा आपल्या घराचे पैसे वाचवू शकला, किंवा ते खर्च करणे योग्य आहे हे सिद्ध करू शकला, तर संगणक शिक्षणासाठी घेतल्याचे सार्थक झाले असे म्हणावयास हरकत नाही.