घर विकताय? एजंटला काम द्या, सही देऊ नका!

पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला, म्हातारे आई-वडील त्यांच्याकडे आणि गावातलं घर कुलपात. अशी घरं आता प्रत्येक गावात दिसतात. कुणाला लग्नाचा खर्च असतो, कुणाला दवाखान्याचा, कुणाच्या भावकीत वाटण्या होतात आणि घर विकायचं ठरतं. मग पहिला फोन जातो एजंटला. कुणी त्याला दलाल म्हणतं, कुणी मध्यस्थ.

एजंट घेण्यात गैर काहीच नाही. गावाबाहेरचा गिऱ्हाईक तुमच्या दारापर्यंत आणणं, घर दाखवणं, भावाची बोलणी पुढे नेणं ही कामं चांगला एजंट आपल्यापेक्षा लवकर करतो. अडचण होते ती वेगळ्याच ठिकाणी. "तुम्ही काळजी करू नका, सगळं मी बघतो" असं एजंट म्हणतो आणि आपण कागद, भाव आणि सही तिन्ही त्याच्या हातात देऊन मोकळे होतो. बहुतेक कुटुंबांकडे विकायला एकच घर असतं. त्याचं खरेदीखत एकदा रजिस्टर झालं की ते मागे घेणं म्हणजे वर्षानुवर्षं कोर्टाच्या चकरा. म्हणून कोणतं काम एजंटचं आणि कोणतं आपलं, हे आधी ठरवा.

आधी कागद, मग एजंट

एजंटला बोलवण्याआधी आपले कागद आपणच गोळा करा. घर कोणत्या जागेवर आहे त्यावर कागद ठरतात.

घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा. हा उतारा घरपट्टीच्या आकारणीचा असतो. तेवढ्यावर मालकी पक्की सिद्ध होत नाही. तलाठ्याकडचा ८-अ वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. दोन्हींत गल्लत करू नका. मालकीसाठी प्रॉपर्टी कार्ड म्हणजे मिळकत पत्रिका महत्त्वाची. केंद्र सरकारच्या स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली. तुमच्या गावाची मोजणी पूर्ण झाली असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात कार्डाची चौकशी करा. कार्डावर नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा बरोबर आहेत का ते पाहा. चूक असेल तर गिऱ्हाईक येण्याआधीच दुरुस्तीचा अर्ज द्या.

घर शेतातल्या जागेवर असेल तर सातबारा बघा. जमीन बिगरशेती म्हणजे एनए झाली आहे का, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, भोगवटादार वर्ग २ लिहिलंय का, हे तपासा. वर्ग २ ची जमीन साधारणपणे सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि जमीन शेतीचीच असेल तर महाराष्ट्रात ती शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय घेता येत नाही. घर गायरानावर किंवा घरकुल योजनेतलं असेल तर ग्रामपंचायतीत आणि वकिलाकडे विचारल्याशिवाय कुणाकडून एक रुपयाही घेऊ नका.

घरपट्टी, पाणीपट्टी आणि लाइट बिल भरून पावत्या एका फाइलमध्ये लावा. एजंटला फक्त झेरॉक्स द्या आणि त्यावर "फक्त घर दाखवण्यासाठी" असं लिहून तारीख टाका. मूळ खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्यूचा दाखला घरातच ठेवा. गिऱ्हाइकाच्या वकिलाला मूळ कागद बघायचे असतील तर तुमच्यासमोर बघू द्या.

बहिणींच्या सह्या नंतर नाही, आधी

गावाकडचे व्यवहार सर्वांत जास्त इथेच अडकतात. वडील मृत्युपत्र न करता वारले आणि उताऱ्यावर फक्त भावांची नावं लागली, म्हणून बहिणींचा हक्क संपत नाही. हिंदू वारसा कायद्यात वडिलांच्या स्वकष्टाच्या घरात पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर वडिलांची आई हे सगळे वारस. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला. २००५ मध्ये वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

"बहिणींचं नंतर बघू" असं एजंट म्हणाला तर तिथेच थांबा. इसार घेतल्यावर बहीण सहीला तयार झाली नाही तर गिऱ्हाईक पैसे परत मागणार तुमच्याकडे, एजंटकडे नाही. बहिणीला हिस्सा द्यायचा असेल तर तिला खरेदीखतात विक्रेती म्हणून घ्या. तिला स्वखुशीने हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र करा, आणि तेही रजिस्टरच लागतं. शंभराच्या स्टॅम्पवर घेतलेली सही पुढे कामाला येत नाही. वारसांत कुणी अज्ञान असेल तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका.

भाव आपणच काढायचा

एजंट सांगेल तो भाव शेवटचा समजू नका. गल्लीत, शेजारच्या गावात गेल्या वर्षा-दोन वर्षांत कुठली घरं विकली गेली, त्याची चौकशी करा. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर तुमच्या गावाचा रेडीरेकनर दर मोबाईलवरही बघता येतो. बाजारात भाव याहून कमी-जास्त असू शकतो, पण स्टॅम्प ड्युटी रेडीरेकनरची किंमत आणि व्यवहाराची किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागते.

"कागदावर कमी दाखवू, बाकी रोख घेऊ" हा सल्ला हमखास मिळतो. तो तुमच्याच अंगावर येतो. एक तर रोख दिलेल्या रकमेचा पुरावा राहत नाही. दुसरं म्हणजे कागदावरची किंमत सरकारी किमतीपेक्षा ठरावीक मर्यादेहून कमी असेल तर आयकर खातं सरकारी किंमत धरूनच तुमचा नफा मोजतं.

एजंट निवडताना हे विचारा

एकावर लगेच थांबू नका, दोघा-तिघांशी बोला. गेल्या वर्षभरात आपल्या भागात कोणती घरं विकून दिली ते विचारा आणि त्यातल्या एखाद्या मालकाला स्वतः भेटा. ज्याने घर विकलंय तो खरं सांगतो.

एजंट दोन्ही बाजूंकडून कमिशन घेणार आहे का, हेही तोंडावर विचारा. गावाकडे दोन्हीकडून घेण्याची पद्धत आहे. तसं असेल तर तो पूर्ण तुमच्या बाजूने भाव ओढेल ही अपेक्षा सोडा.

महारेराचा नंबर हाही एक मुद्दा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट, प्लॉट विकणाऱ्या एजंटला रेरा नोंदणी सक्तीची आहे. गावठाणातलं जुनं घर अशा प्रकल्पात येत नाही, त्यामुळे गावातल्या एजंटकडे नंबर नसेल तर तो लगेच खोटा ठरत नाही. पण तालुक्याच्या गावी बिल्डरच्या स्कीममधला फ्लॅट विकायचा असेल तर नंबर विचारा आणि महारेराच्या वेबसाइटवर तपासा.

कमिशनचं गणित कागदावर मांडा

खासगी घराच्या विक्रीत किती कमिशन द्यायचं, हे बोलून ठरवायचं असतं. बहुतेक ठिकाणी एक ते दोन टक्क्यांची रीत आहे. पण काही एजंट टक्का मागतच नाहीत. ते म्हणतात, "तुम्हाला इतके हातात देतो, वरचे माझे." ऐकायला सोपं वाटतं. हिशोब बघा.

समजा घर १८ लाखाला गेलं. दोन टक्क्यांनी कमिशन झालं ३६ हजार. आता समजा तुम्ही "१६ लाख हातात, वरचे तुझे" असं कबूल केलं. गिऱ्हाइकाने तेच १८ लाख दिले. एजंटला मिळाले २ लाख, म्हणजे ११ टक्क्यांहून जास्त. वर खरा भाव किती होता हे तुम्हाला कळू नये म्हणून तो तुमची आणि गिऱ्हाइकाची गाठच पडू देत नाही. म्हणून टक्का ठरवा आणि गिऱ्हाइकाशी समोरासमोर बसा.

ठरलेलं सगळं एका कागदावर लिहा: कमिशन किती, ते खरेदीखत झाल्यावरच मिळणार, मुदत तीन महिने, कमीत कमी भाव किती, आणि मुदतीत तुम्हीच गिऱ्हाईक शोधलं तर कमिशन द्यायचं की नाही. खाली दोघांच्या सह्या. एवढ्या एका पानाने पुढची निम्मी भांडणं टळतात.

एजंटच स्वतः किंवा नातेवाइकाच्या नावावर घर घेणार असेल तर त्याने ते आधी सांगायला हवं. १८७२ च्या करार कायद्यानुसार एजंटने मालकाच्या नकळत स्वतःसाठीच व्यवहार केला तर त्यातून झालेला फायदा मालक त्याच्याकडून मागू शकतो.

इसार, साठेखत आणि मुखत्यारपत्र

घर अडकतं ते बहुतेक वेळा या तीन कागदांत.

इसार पावतीवर एकूण किंमत, मिळालेली रक्कम, उरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत आणि ती नाही मिळाली तर काय, हे चारही मुद्दे हवेत. इसार एजंटच्या खात्यात नाही, तुमच्या खात्यात घ्या. मुदत नसलेला इसार म्हणजे घराला लागलेलं दुसरं कुलूप. पन्नास हजार देऊन माणूस वर्षभर दुसरं गिऱ्हाईक शोधत बसतो आणि तुम्हाला घर दुसऱ्याला विकता येत नाही.

साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. त्याने मालकी जात नाही, पण करार मोडला तर समोरचा कोर्टात जाऊ शकतो. म्हणून वकिलाला दाखवूनच सही करा. पूर्ण पैसे मिळाल्याशिवाय ताबा किंवा चावी देऊ नका. "सामान ठेवू द्या फक्त" यालाही नाही म्हणा.

आणि कुलमुखत्यारपत्र एजंटच्या नावावर करून देऊ नका. "तुम्हाला पुण्याहून सारखं यायला नको" म्हणून ते मागितलं जातं. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, त्यासाठी रजिस्टर खरेदीखत लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलंय. पण विक्रीचा अधिकार दिलेलं मुखत्यारपत्र हातात असेल तर तो माणूस तुमच्या वतीने खरेदीखतावर सही करू शकतो. यायला खरंच जमत नसेल तर घरातल्या विश्वासू माणसाच्या नावाने, फक्त या एका घरापुरतं आणि भाव नमूद करून वकिलाकडून करून घ्या.

पैसे कसे घ्यायचे

घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे. घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला. चेक, डीडी किंवा आरटीजीएसने घ्या आणि प्रत्येक रकमेचा तपशील खरेदीखतात लिहून घ्या. व्यवहार ५० लाख किंवा त्यावरचा असेल तर गिऱ्हाईक एक टक्का टीडीएस कापतो, त्याचा दाखला मागा. नफ्यावरच्या कराचं आणि नवीन घर घेतलं तर मिळणाऱ्या सवलतीचं सीएला विक्रीआधी विचारा.

मोबाईलवर घराची जाहिरात टाकली की आणखी एक फोन येतो. घर न बघताच माणूस म्हणतो, "पसंत आहे, टोकन पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा." लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसलात तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

खरेदीखताच्या दिवशी

दस्ताचा मसुदा आदल्या दिवशीच मागून घ्या. नावं, क्षेत्र, चतुःसीमा, किंमत आणि पैसे मिळाल्याचा मजकूर शब्दन् शब्द वाचा. डोळ्यांना दिसत नसेल तर नातवाकडून वाचून घ्या. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो आणि अंगठा होण्याआधी बँकेत रक्कम जमा झाली का ते स्वतः बघा. जमा झाल्याचा नुसता मेसेज पुरेसा नाही, खात्यातली शिल्लक बघा. नोंदणी झाल्यावर दस्ताची प्रत आणि सूची क्रमांक २ जपून ठेवा. एजंटचं कमिशन त्यानंतर, तेही खात्यावर.

एजंटने फसवलं किंवा कागद अडकवून ठेवले तर गप्प बसू नका. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. सेवेबद्दलच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. त्यासाठी फोन १५१००.

गिऱ्हाईक आणलं, धावपळ केली तर एजंटचा ठरलेला पैसा खळखळ न करता द्या, तो त्याच्या कष्टाचा आहे. पण मूळ कागद कपाटात, भाव आपल्या तोंडात आणि सही आपल्या हातात, हे शेवटपर्यंत सोडू नका.